आंतरविद्यापीठ करंडक आणि पात्रतेचा एक नियम

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या दक्षिणेस, दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात, उतई नावाचे एक गाव आहे. गाव लहान असले, तरी तेथे शासकीय महाविद्यालय आहे. या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला खेळात नाव काढावेसे वाटले, तर त्याच्यापुढची वाट ठरलेली असते. प्रथम महाविद्यालयाचा संघ, नंतर दुर्गच्या विद्यापीठाचा संघ, मग विभागीय स्पर्धा आणि अखेरीस अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. खेळ क्रिकेटचा असो, कबड्डीचा असो की अलीकडे रुजू लागलेल्या बेसबॉलचा असो, पायऱ्या त्याच. या प्रत्येक पायरीवर त्याला काही प्रश्न विचारले जातात. नाव विद्यापीठाच्या पटावर आहे काय? वय मर्यादेत आहे काय? मागील परीक्षा उत्तीर्ण झाली आहे काय? या प्रश्नांत जातीचा किंवा धर्माचा प्रश्न येत नाही. ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते, की तिलाही काही इतिहास असेल, अशी शंकासुद्धा कुणाच्या मनास शिवत नाही. पण तो इतिहास आहे. आणि त्याचा मोठा भाग मुंबईच्या मैदानांवर घडलेला आहे.

महाविद्यालयांच्या नावाने खेळण्याची प्रथा तशी परदेशातली. इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांचा पहिला क्रिकेट सामना १८२७ साली लॉर्ड्सच्या मैदानावर झाला. अमेरिकेत १८५९ साली, मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड या गावी, अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन महाविद्यालयांमध्ये बेसबॉलचा सामना झाला. महाविद्यालयांमधील तो पहिला बेसबॉल सामना मानला जातो. अ‍ॅमहर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ धावांनी जिंकला. पुढे तेथे शेजारपाजारच्या महाविद्यालयांनी आपापले संघ बांधले. या महाविद्यालय-संघांना तिकडे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. प्रत्येक कॉन्फरन्सचा विजेता ठरतो आणि तेथून राष्ट्रीय अजिंक्यपदाचा रस्ता सुरू होतो. ती राष्ट्रीय स्पर्धा १९४७ मध्ये सुरू झाली आणि १९५० पासून ओमाहा या शहरी भरत आली आहे. कॉन्फरन्सच्या विजेतेपदाची स्पर्धा ही त्या देशातील तरुणांच्या जीवनातील मोठी घटना होय. ज्याला व्यावसायिक खेळाडू कधीच व्हावयाचे नाही, असा विद्यार्थीही त्या स्पर्धेत आपल्या महाविद्यालयाचे नाव छातीवर लावून खेळतो व ती आठवण जन्मभर जपतो.

भारतात मात्र संघटित खेळाचा आरंभ विद्यापीठांतून झाला नाही. तो झाला जमातींच्या क्लबांतून. मुंबईच्या पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पारशी इंग्रजांशी खेळू लागले, त्यांना हरवूही लागले. त्यांच्या यशाने हिंदूंना स्फूर्ती मिळाली, हिंदूंच्या उदाहरणाने मुसलमानांना. मुंबईच्या समुद्रकाठाने एकापुढे एक जिमखाने उभे राहिले. परंतु प्रत्येकाच्या दारावर एकेका जमातीचे नाव होते. १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू इत्यादी उरलेल्यांचा ‘रेस्ट’ म्हणून एक संघ मान्य करण्यात आला आणि चौरंगीची पंचरंगी झाली.

या स्पर्धेवर केवळ दोष ठेवणे अन्यायाचे होईल. भारतीय क्रिकेटला तिने प्रेक्षक दिला, पैसा दिला आणि खेळाडूही दिले. सामन्यांच्या दिवसांत मुंबई शहराला दुसरा विषय सुचत नसे. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांना १९१६ साली मुंबईच्या मोठ्या मैदानावर येण्याची जी संधी मिळाली, ती हिंदू संघानेच दिली. आणि १९२६ मध्ये एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी काढलेल्या १५३ धावा हिंदू संघासाठीच होत्या. सहा वर्षांनी, १९३२ मध्ये, भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात हेच नायडू कर्णधार होते. त्या काळी मध्यप्रांतातील होतकरू खेळाडूला जमातीचे दार सोडून मुंबईत शिरण्यासाठी दुसरे दार जवळजवळ नव्हतेच.

परंतु त्या दाराची अट कडक होती. ज्याची जमात कोणती, हे प्रथम ठरे. तो खेळतो कसा, हे नंतर. शिवाय जमातीच्या आतही उंच-नीच होतेच. पळवणकर बाळू हे त्या काळातील श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. पण अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीत जन्मलेल्या या माणसाला पुण्यात चहापानाच्या वेळी मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात चहा दिला जाई. मैदानावर चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात होता. पेला मात्र जात नव्हता. बाळूंची हिंदू संघाच्या कर्णधारपदी नेमणूक कधी झाली नाही. १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते पद मिळाले, तेव्हा एका दीर्घ अन्यायाचे अंशतः परिमार्जन झाले, एवढेच म्हणता येईल.

ही परिस्थिती पालटण्यासाठी दोन मार्ग होते. एक उपदेशाचा व दुसरा नियमाचा. उपदेश पुष्कळ झाला. परंतु लोकांच्या सवयी बदलण्याच्या कामी, ‘कोणास प्रवेश आहे’ हे सांगणारी नियमावलीतील एखादी ओळ पुष्कळदा व्याख्यानांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. भारतीय क्रिकेटमध्ये ही ओळ दोनदा लिहिली गेली. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या क्रिकेट नियामक मंडळाने १९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू केली आणि प्रांत हा संघाचा पाया ठरविला. लगेच पुढच्या वर्षी, १९३५-३६ मध्ये, विद्यापीठांसाठी स्पर्धा सुरू झाली. तिचा करंडक मुंबईचे अर्देशीर दादाभाई बारिया यांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ दिला. म्हणून ती रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा या नावाने प्रसिद्ध झाली.

या देणगीत लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. देणारा गृहस्थ पारशी होता. ज्या मुंबईत तो राहत होता, तेथे पारशी संघाचा अभिमान हा घराघरातील विषय होता. तरीसुद्धा पुत्राच्या नावाचा करंडक त्याने अशा स्पर्धेला दिला, की जी पारशी संघाला पारशी म्हणून कधीच जिंकता येणार नव्हती. तो करंडक उचलणाऱ्या अकरा मुलांत पारशी असतील, हिंदू असतील, मुसलमान किंवा ख्रिस्ती असतील. परंतु ते एकत्र येणार होते केवळ एका विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून. दात्याच्या मनात हा विचार होता की नव्हता, हा प्रश्न गौण आहे. त्याच्या दानाचे फळ मात्र हेच झाले.

विद्यापीठ हा शब्द त्या वेळी फार विस्तृत प्रदेश सुचवीत असे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत १९३५ साली केवळ मुंबई शहरच नव्हे, तर पुणे, अहमदाबाद, धारवाड व कराची येथील महाविद्यालयेही होती. फाळणीनंतर आणि पुणे, गुजरात व कर्नाटक ही विद्यापीठे निघाल्यानंतर हा पसारा आटोपला. तोपर्यंत मुंबई विद्यापीठाचा संघ म्हणजे मराठी, गुजराती, कानडी व सिंधी मुलुखांतील मुलांना एकत्र येण्याची एक संधी होती. महाविद्यालयात खेळ हा हलका विषय आहे, ही समजूतही याच पिढीत मावळली. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांनी १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. संस्कृतचा अध्यापक प्रांताच्या संघाचे नेतृत्व करतो, हे दृश्य विद्यार्थ्यांना जे शिकवून गेले, ते पाठ्यपुस्तकात नव्हते.

आंतरविद्यापीठ स्पर्धेचा पहिला विजेता ठरला तो मात्र मुंबईचा संघ नव्हे. १९३५-३६ चा करंडक लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने नेला. लाहोरमधील महाविद्यालयांची क्रिकेटची परंपरा दांडगी होती. त्यांच्या आपसातील सामन्यांना प्रेक्षकांची गर्दी लोटे. मुंबईने ते आव्हान स्वीकारले आणि पुढे हा करंडक इतर कोणत्याही विद्यापीठापेक्षा अधिक वेळा जिंकला. लाहोर आणि मुंबई यांची ही चुरस जमातींची नव्हती. दोन्हीकडच्या संघांत निरनिराळ्या धर्मांची मुले होती. चुरस होती दोन शहरांची, दोन शाळांची, दोन शैलींची. अशी चुरस निकोप असते, कारण सामना संपल्यावर ती घरी नेता येत नाही.

एकाच मुंबई शहरात आता दोन प्रकारचे क्रिकेट नांदू लागले. एका मैदानावर पंचरंगी सामने चालत. १९३७ मध्ये नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून मतभेद झाला आणि हिंदू संघ त्या वर्षी स्पर्धेपासून दूर राहिला. खेळाच्या बाकांची वाटणीसुद्धा जमातवार होऊ लागली, म्हणजे रोग कोठवर गेला होता, हे यावरून दिसते. दुसरीकडे महाविद्यालयांचे सामने चालत. तेथे गर्दी कमी असे, पैसा नसेच, वृत्तपत्रांत जागाही थोडी मिळे. पण तेथे संघाची यादी लिहिणाऱ्या प्राध्यापकाला विद्यार्थ्याचा धर्म विचारण्याचे कारण पडत नसे.

हा फरक ज्यांनी नेमका ओळखला, त्यांचा क्रिकेटशी फारसा संबंध नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी पंचरंगी सामन्यांविषयी सल्ला घेण्यासाठी वर्ध्यास महात्मा गांधींकडे गेले. महायुद्ध चालू होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला होता. देशातील अनेक कार्यकर्ते तुरुंगात जात होते. अशा दुःखाच्या काळात करमणुकीचे सामने बंद ठेवावेत, असा अभिप्राय गांधीजींनी दिला. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. महाविद्यालयांमधील किंवा संस्थांमधील सामने आपण समजू शकतो. हिंदू, पारशी, मुसलमान अशा जमातवार संघांचे प्रयोजन मात्र आपल्याला कधीच उमगलेले नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. खेळाचे मैदान तरी या भेदापासून मुक्त असावे, अशी त्यांची इच्छा होती.

गांधीजींनी दिलेले उदाहरण आकस्मिक वाटेल. पण पाच वर्षे चालत आलेल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेने ते उदाहरण वस्तुस्थितीत उतरविले होते. जमातीशिवाय संघ कसा बांधणार, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची गरज उरली नव्हती. ते उत्तर महाविद्यालयांच्या मैदानांवर दर हिवाळ्यात खेळले जात होते. येथे आणखी एका गोष्टीचे स्मरण ठेवावयास हवे. वर्धा आणि दुर्ग त्या वेळी एकाच प्रांतात होते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग असलेला छत्तीसगढ पुढे मध्यप्रांतात आला आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच या साऱ्या मुलखाची राजधानी होती. म्हणजे उतईसारख्या गावातील मुलांच्या भावी मैदानाचा विचार त्यांच्याच प्रांतातील एका कुटीत बोलला गेला.

त्या वर्षी हिंदू संघ पंचरंगीत उतरला नाही. पुढील वर्षी तो परत आला. १९४२ च्या आंदोलनाच्या वर्षी स्पर्धा झालीच नाही. नंतर ती पुन्हा भरली. १९४३-४४ मध्ये विजय हजारे यांनी ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या, त्या याच स्पर्धेत. मोठे पराक्रम घडत होते आणि त्यांच्याभोवतीची हवा मात्र दिवसेंदिवस दूषित होत होती. अखेर १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी स्पर्धा कायमची थांबली. आंतरविद्यापीठ स्पर्धा चालू राहिली. एक वृक्ष वठला. शेजारी नकळत वाढलेले रोप त्या जागेवर सावली देऊ लागले.

हे संक्रमण एकाच खेळाडूच्या जीवनात पाहावयाचे असेल, तर पॉली उम्रीगर यांचे पाहावे. सोलापुरात बालपण घालवलेला हा पारशी तरुण पुढे मुंबईस आला. १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने पंचरंगी स्पर्धेत पारशी संघाकडून प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. म्हणजे त्याचा पहिला गणवेश जमातीचा होता. दोनच वर्षांत ती स्पर्धा बंद पडली. मग तो मुंबई विद्यापीठाकडून खेळला. ऑक्टोबर १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून खेळताना उम्रीगरने नाबाद ११५ धावा काढल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो भारताचा कसोटीपटू झाला. पारशी, विद्यार्थी, भारतीय अशा तीन नावांनी तो पाच वर्षांच्या आत खेळला. पहिले नाव त्याला जन्माने मिळाले होते. दुसऱ्या नावाच्या पायरीवरून तो तिसऱ्यापर्यंत पोहोचला. पुढे तो भारताचा कर्णधारही झाला.

पण नियम कितीही चांगला असला, तरी इतिहासाचा लोंढा तो एकटा अडवू शकत नाही, याचीही साक्ष याच स्पर्धेत मिळते. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि स्पर्धेचा पहिला विजेता, लाहोरचे पंजाब विद्यापीठ, सीमेपलीकडे गेला. लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचा विद्यार्थी अब्दुल हफीझ कारदार १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून कसोटी खेळला होता. त्याच महाविद्यालयाचा फझल महमूद १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात निवडला गेला होता. फाळणीनंतर तो गेला नाही. १९५२ मध्ये पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात आला, तेव्हा कारदार त्याचा कर्णधार होता. लखनौच्या कसोटीत फझल महमूदने भारताचे बारा गडी बाद केले आणि पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. तो सामना लखनौच्या विद्यापीठाच्या मैदानावर झाला होता. एके काळी ज्या विद्यापीठांतील मुले एका करंडकासाठी झुंजली, त्यांपैकी एका विद्यापीठाच्या मैदानावर, दुसऱ्या विद्यापीठाचे विद्यार्थी आता परराष्ट्राचे खेळाडू म्हणून उभे होते. या प्रसंगावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात स्पर्धेचा व्याप वाढला. आरंभी तिची व्यवस्था क्रिकेट नियामक मंडळाकडे होती, ती नंतर आंतरविद्यापीठ मंडळाच्या क्रीडा शाखेकडे आली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाला १९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ हे नाव मिळाले. विद्यापीठांची संख्या वाढली, तशी त्यांची विभागणी विभागांत करावी लागली. आधी विभागात जिंकावयाचे, मग विभागांच्या विजेत्यांनी एकमेकांशी झुंजावयाचे, ही पद्धत स्थिर झाली. १९६६-६७ पासून विभागांच्या निवडक संघांसाठी विझी करंडकाची वेगळी स्पर्धाही निघाली. विजयनगरमचे महाराजकुमार १९६५ च्या अखेरीस निवर्तले होते. त्यांचे टोपणनाव त्या करंडकास दिले गेले. अमेरिकेतील कॉन्फरन्सचे जे कार्य, तेच आपल्याकडे विभागांनी पत्करले. दूरच्या विद्यापीठाला थेट देशाच्या अजिंक्यपदाचे स्वप्न पाहणे कठीण. पण शेजारच्या विद्यापीठांना हरवण्याची उमेद कोणीही धरू शकतो. मोठ्या स्पर्धेचा डोलारा या शेजारधर्मावर उभा असतो.

या पायरीवरून कोण कोण वर गेले, हे पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अजित वाडेकर विज्ञानाचे विद्यार्थी होते व अभियंता होण्याचा त्यांचा विचार होता. एके दिवशी बसने महाविद्यालयास जाताना दोन वर्षे पुढे असलेल्या बाळू गुप्ते यांनी त्यांना महाविद्यालयाच्या संघात बारावा गडी म्हणून येण्याविषयी विचारले. बाराव्या गड्याला तीन रुपये भत्ता मिळे. विद्यार्थ्याला ती रक्कम क्षुद्र नव्हती. वाडेकर तयार झाले. पाणी नेण्यासाठी आलेला हा बारावा गडी १९५८-५९ च्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावा काढून गेला. लगेच पुढच्या हंगामात, १९५९-६० मध्ये, मडगावहून दोन-तीन वर्षांपूर्वी मुंबईस आलेल्या दिलीप सरदेसाई यांनी याच स्पर्धेत ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. परकीय सत्तेखालील गावातून आलेल्या मुलाला भारतातील कोणत्या प्रांताचा म्हणावयाचे, हा वाद घालण्याचे विद्यापीठाला कारण नव्हते. तो मुंबईत शिकत होता. एवढे पुरे होते. १९६०-६१ मध्ये पुण्यास पाकिस्तानच्या पाहुण्या संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांकडून खेळताना सरदेसाई यांनी ८७ धावा केल्या आणि त्यांचे नाव देशाला ठाऊक झाले.

वाडेकरांचा ३२४ धावांचा विक्रम बारा वर्षे टिकला. १९७०-७१ च्या हंगामात सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा विद्यार्थी सुनील गावसकर याने आंतरविद्यापीठ स्पर्धेत ३२७ धावा काढून तो मोडला. त्यानंतर काही आठवड्यांतच भारतीय संघ वेस्ट इंडीजला निघाला. कर्णधार होते वाडेकर. सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या, गावसकरांनी चार कसोटी सामन्यांत ७७४. पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला आणि मालिका जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवून भारताने इंग्लंडमधील पहिली मालिकाही जिंकली. ज्या तिघांच्या नावाशी १९७१ चे वर्ष जोडले गेले आहे, ते तिघेही एकाच विद्यापीठाच्या संघातून आले होते. आणि त्या संघात त्यांना कोणी त्यांच्या जमातीचे प्रतिनिधी म्हणून घेतले नव्हते.

येथे एका मर्यादेचा उल्लेख केला नाही, तर हा वृत्तांत अपुरा राहील. ‘तू कोण?’ या प्रश्नाऐवजी ‘तू कोठे शिकतोस?’ हा प्रश्न विचारणे ही मोठी प्रगती खरी. परंतु ज्याला कोठेच शिकावयास मिळत नाही, त्याला हा दुसरा प्रश्नही तितकाच निष्ठुर असतो. १९३५ साली महाविद्यालये थोडी होती. ती मोठ्या शहरांत होती, त्यांची फी मध्यम वर्गालाही जड जाई आणि शिक्षणाची भाषा इंग्रजी होती. बाळू पळवणकरांची उमेदीची वर्षे पुण्यातील क्लबांची खेळपट्टी राखण्यात आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकण्यात गेली. असा मुलगा १९३५ च्या विद्यापीठ संघात तरी कसा शिरला असता? नियम न्याय्य होता. पण त्या नियमापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सर्वांसाठी मोकळा नव्हता. म्हणून या करंडकाचा इतिहास हा महाविद्यालयांच्या प्रसाराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

छत्तीसगढच्या बाबतीत हा प्रसार सनावळीतच वाचता येतो. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले, तेव्हा दुर्गच्या परिसरातील मुलाला विद्यापीठ म्हणजे शेकडो किलोमीटर दूरचे शहर. १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या सर्व भागांतून, महाराष्ट्रातूनही, कामगार व अभियंते येथे आले. त्यांची मुले एकाच शाळेत, एकाच मैदानावर वाढली. १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठाची स्थापना झाली. २०१५ मध्ये खुद्द दुर्गला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. हेमचंद यादव यांचे नाव धारण करणारे तेच विद्यापीठ. नागपूर, मग रायपूर, मग दुर्ग. विद्यापीठ एकेक मुक्काम करीत उतईच्या उंबरठ्यापर्यंत आले. जो नियम १९३५ मध्ये मोजक्या शहरांतील मोजक्या मुलांना न्याय देत होता, त्याचा अर्थ या प्रवासामुळे विस्तारला.

आंतरविद्यापीठ क्रिकेटचे पूर्वीचे तेज आज राहिलेले नाही, हेही खरे. वयोगटांच्या स्पर्धा आल्या, २००८ पासून इंडियन प्रीमियर लीगचे युग आले आणि गुणी मुलगा महाविद्यालयाच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वीच व्यावसायिक खेळाच्या वाटेला लागू लागला. परीक्षा आणि सामने यांचे वेळापत्रक एकमेकांवर आदळते, तेव्हा खेळाडूला कोणते सोडावयाचे, हे फार लवकर ठरवावे लागते. एके काळी भारताच्या संघाकडे जाणारी मुख्य वाट आता आडवाट झाली आहे. परंतु क्रिकेटच्या झगमगाटाबाहेर कबड्डी, खो-खो, हॉकी, सॉफ्टबॉल, बेसबॉल अशा कितीतरी खेळांत विद्यापीठाचा संघ हाच अजून सामान्य घरच्या मुलामुलींचा मोठा आधार आहे. तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्राने नोकरीच्या वेळी हातभार लागतो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच रेल्वेने दूरच्या राज्यात जाऊन, परक्या भाषेच्या मुलांबरोबर एका वसतिगृहात राहण्याचा योग येतो. तो अनुभव कोणत्याही करंडकाहून कमी मोलाचा नाही.

वृद्ध पित्याने अकाली गेलेल्या मुलाचे नाव करंडकावर कोरवून घेतले असेल. नामफलक लावणाऱ्याला त्या वेळी त्याहून अधिक काही दिसले नसेल. परंतु संस्था जशा आपल्या संस्थापकांपेक्षा दीर्घायुषी असतात, तसेच त्यांचे नियम त्यांच्या हेतूंपेक्षा दूरवर पोहोचतात. मुंबईची पंचरंगी स्पर्धा बंद पडून आता पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला. तिच्यातील पाचही संघ इतिहासजमा झाले. आणि उतईच्या महाविद्यालयात मात्र हिवाळा लागला की क्रीडाशिक्षक वही घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहतो, समोर रांगेत उभ्या असलेल्या मुलांना एकेकाचे नाव, वर्ग आणि हजेरीपटावरील क्रमांक विचारतो, आणि वहीत लिहून घेतो. त्या वहीत चौथा रकाना नसतो. तो रकाना पुसून टाकण्यासाठी या देशाला किती वर्षे लागली, हे त्या मुलांना ठाऊक नसेल. तो परत आखला जाऊ नये, एवढी जाण मात्र त्यांनी ठेवली पाहिजे.